वर जास्त, खाली कमी

जवाहर नगर, जयपूर
७ जानेवारी २०२४

ती. सौ. सुधाआत्यास,
अनुश्रीचा शि. सा. न. वि. वि. (मोठ्यांना असे लिहायचे, हे बाबांनी सांगितले. पूर्ण मतलब मला माहीत नाही, पण त्यात नमस्कार आहे एवढे नक्की.)

तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि इथे बाबा हॉलमध्येच बसलेले असतात, म्हणून पत्र लिहिते. माझी मराठी वाचून हसू नका. शाळेत हिंदी होती, इंग्लिश होती. मराठी फक्त आईजवळ होती.

एक गोष्ट कोणाला सांगता येत नाही. आमच्या घरात दरारा आहे. आई गेल्यावर सुरू झाला. पहिले छोटा होता, मी लक्ष दिले नाही. आता वाढतोच आहे. वर जास्त आहे, खाली कमी. बाबांना बोलले तर म्हणतात, सगळ्या घरांत असतो, कुठे बोलू नको. दोनदा त्यांनी दाबून टाकला, पण परत बाहेर आला. मला घरात झोपायला डर वाटतो. ऑफिसमध्येही मन लागत नाही.

काकांनाही विचारा. तुमचे प्रेम माझ्यावर आहे, ते असेच राहू द्या.

तुमची,
अनुश्री


कराड
१६ जानेवारी २०२४

चि. प्रकाश यास,
सुधाक्काचे अनेक आशीर्वाद. आशीर्वाद रीत म्हणून लिहिले. खरे तर कान धरायचा आहे, पण तू पडलास जयपुरात.

पोरीचे पत्र आले. वाचल्यापासून जिवाला चैन नाही. इंदुमती जाऊन दोन वर्षे झाली नाहीत, तोवर तू घरात दरारा बसवलास? सुभेदारी पलटणीत ठेवून यायची असते रे, पेन्शनीबरोबर घरी आणायची नसते. आणि वर जास्त, खाली कमी म्हणजे काय? गच्चीवर उभा राहून ओरडतोस की काय? शेजारीपाजारी काय म्हणत असतील?

पोरगी घरात झोपायला भिते, असे तिने स्वतःच्या हाताने लिहिले आहे. दोनदा दाबलास म्हणे, तरी उफाळून आला. लहानपणी तुझा राग असाच होता. उत्तमराव म्हणतात, जरा सबुरीने घे, पत्रात काही गफलत असेल. ह्यांना जन्मभर सबुरीच दिसली. मला आधी उत्तर पाठव, मग काय ते बघू.

राग शब्दांपुरता आहे, माया होती तेवढीच आहे.

तुझी,
अक्का


जयपूर
२५ जानेवारी २०२४

ती. सौ. अक्कास,
प्रकाशचा सा. न. वि. वि.

तुझे पत्र मी दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. मी कधी तिच्यावर हात उगारला नाही, साधे खेकसलो असेन तेवढेच. शेवटी पत्र तिच्यापुढे ठेवले. ती वाचता वाचता हसायला लागली आणि हसता हसता रडायलाच लागली. मग उठली, मागच्या खोलीतले कॅलेंडर भिंतीवरून काढले आणि म्हणाली, बाबा, हा, हा दरारा.

अक्का, भिंतीला तडा गेला आहे. हिंदीत त्याला दरार म्हणतात. ‘चाय’चा ‘चहा’ होतो, तसा ‘दरार’चा ‘दरारा’ होत असेल, असे बाईसाहेबांना वाटले. तुझ्या भावाची अब्रू एका कान्यावर गेली.

तडा खिडकीच्या कोपऱ्यातून निघून तिरका छतापर्यंत गेला आहे. वर रुंद, खाली बारीक. दोनदा पुट्टी दाबून भरली, परत उघडला. जुन्या घराला असे चालायचेच. दाजींनी उगाच काळजी करू नये. विषय इथे संपला.

लोभ आहे तसा ठेवावा, कान मात्र सोडावा.

तुझा,
प्रकाश


कराड
३ फेब्रुवारी २०२४

चि. अनुश्रीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाबांनी विषय संपवला, तो ह्यांनी उघडला. बांधकाम खात्यात हयात गेली, तेव्हा तडा म्हटला की ह्यांना चहा गोड लागत नाही. सांगतात ते लिहिते.

गिलाव्यावर जाळीसारख्या केसभर रेघा असतात, त्यांना भ्यायचे कारण नाही. पण तिरका जातो आणि वर जास्त, खाली कमी असतो, तो तडा म्हणजे भिंतीचा एक कोपरा खाली बसतो आहे. भरून उपयोग नाही, आधी तो जिवंत आहे की मेलेला ते बघायचे. तड्यावर आडवी काचेची पट्टी ठेवायची आणि दोन्ही टोके प्लास्टरने पक्की करायची. काच टिकली तर तडा मेलेला. फुटली तर भिंत अजून चालते आहे. त्या कोपऱ्याशी बाहेरून पाणी मुरते का, छताचा भार त्याच भिंतीवर आहे का, तेही कळव. आणि त्या खोलीत कोणी झोपू नये.

मला तर भिंत चालते हे ऐकूनच धस्स झाले. लवकर लिही. आमचा जीव तिथेच आहे.

तुझी,
आत्या


जयपूर
२० फेब्रुवारी २०२४

ती. सौ. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काच फुटली. मी चहाचा कप घेऊन बघायला गेले तर मधोमध चीर. बाबांना दाखवली तर म्हणाले, थंडीने फुटली असेल.

छत आमच्या इकडे असते तसे आहे, दगडाच्या लांब पट्ट्यांचे. त्यांची टोके त्याच भिंतीवर टेकली आहेत आणि बाबांचा पलंग बरोबर खाली आहे. मी म्हटले हॉलमध्ये झोपा. ते म्हणाले, आपली जागा सोडून मी कधी हटलो नाही. मी रोज ऑफिसमधून फोन करते आणि ते उचलेपर्यंत रिंग मोजत राहते.

पाणीही मुरते. त्या कोपऱ्याला बाहेरून लागून आईचा मोगरा आहे. आई होती तेव्हा मग्गाने पाणी घालायची. आता बाबा सकाळ-संध्याकाळ पाइप सोडतात आणि बाजूला खुर्ची टाकून बसतात. पाइप बंद करायचे त्यांच्या लक्षातच राहत नाही. किंवा राहते, पण ते करत नाहीत. हे मला कधीच दिसत होते. पण मोगऱ्याबद्दल त्यांना बोलायची माझी हिंमत नाही.

तुमच्या पत्रातून मला दरारा म्हणजे काय ते कळले. आत्या, मी पहिल्या पत्रात चुकीचे लिहिले नव्हते. तोही आहे. तो गेला नाही, तर भिंतीचे कोणी काही करूच शकणार नाही.

मला खूप भीती वाटते. (डर नाही, भीती. आता बरोबर ना?) तुमचा हात डोक्यावर असू द्या.

तुमची,
अनुश्री


कराड
२८ फेब्रुवारी २०२४

चि. प्रकाश यास,
अनेक आशीर्वाद, आणि ह्या वेळी मनापासून.

मोगऱ्याचे कळले. चिडू नकोस, पोरीवर तर मुळीच नको.

तो मोगरा जयपूरचा नाही रे. माझ्या परसातला आहे. तुम्ही घर बांधलेत त्या वर्षी इंदू इथून मुळासकट घेऊन गेली. ओल्या फडक्यात गुंडाळून, मांडीवर ठेवून, एवढा प्रवास. मी म्हटले होते, वाटेत मरेल. ती म्हणाली, माझ्यासारखाच आहे वन्सं, जिथे न्याल तिथे लागेल. तो एकदा जागा सोडून आला आहे, पुन्हा सोडेल. जागा न सोडण्याचा हट्ट मोगऱ्याचा नाही, तुझा आहे.

इंदूसाठी पाणी घालतोस, हे मला कळत नाही का? पण तिची पोर त्या छताखाली राहते. इंदू असती तर पाइप कधीच बंद केला असता, आणि तुझे तोंडही. मोठ्या कुंडीत लाव. मी हात जोडते.

वाट बघणारी,
अक्का


जयपूर
२४ मार्च २०२४

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

मोगरा काढला. खणायला मीच बसलो. मुळे भिंतीत शिरली असतील असे वाटले होते, तसे काही नव्हते. माती मात्र हात घालावा तिथे चिखल. आठवडाभर पाने माना टाकून होती आणि मी जेवलो नाही म्हटले तरी चालेल. परवा एक कोंब दिसला.

पलंग हॉलमध्ये आणला. पट्ट्यांना लोखंडी टेकू लावले आहेत. एक इंजिनिअर येऊन कोपरा उकरून बघून गेला. दाजींचेच म्हणणे निघाले. माती वाळून भिंत स्थिर होईपर्यंत थांबायचे, मग पाया बांधून घ्यायचा, तडा सगळ्यात शेवटी भरायचा. नवी काच लावली आहे. रोज उठल्यावर आधी ती बघतो, मग कुंडीला मग्गाने पाणी घालतो. दिवसभर पुन्हा पुन्हा जाऊन बघतो. उद्या फुटेल की काय, हे मनातून जात नाही.

इंदूचे ते ‘जिथे न्याल तिथे लागेल’ तिने मला कधी सांगितले नाही. मी तिला अनेक ठिकाणी नेले, अक्का. फार आठवण येते तिची.

तुझ्या पत्रांची सवय लागली आहे, ती मोडू नकोस.

तुझा,
प्रकाश

ता. क. आत्या, हे मी लिहिते, अनुश्री. काल चहात साखर कमी झाली म्हणून बाबा माझ्यावर ओरडले. पहिल्यांदाच मीही त्यांच्यावर ओरडले, खूप मोठ्याने. मग दोघेही एकदम उठून मागच्या खोलीत बघायला गेलो. काच शाबूत आहे.