हिरव्या फ्रेमची किंमत

अल्व्हरस्टन, टास्मानिया
रविवार, २ मार्च २०२५

प्रिय डॅरिल,

आशीर्वाद. तू आणि जॅनिस बरी असाल. जॅनिसचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? डोळ्यांत थेंब वेळच्या वेळी घालते ना, तेवढं बघ. ती कंटाळा करते.

इथलं सगळं नेहमीचं. बटाटे यंदा उशिरा काढले, पण चांगले भरलेत. मागच्या आठवड्यातल्या वाऱ्यानं खुराड्याचा पत्रा उडाला, तो नेव्हिलनं येऊन ठोकून दिला. सत्तरी ओलांडली तरी सायकल क्लबचा खजिनदार अजून तोच आहे, आणि बडबड तसूभर कमी झालेली नाही. कोंबड्या मात्र घाबरल्यात, अंडी देईनात.

माझी चक्कर काही गेली नाही. डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलं, यापुढे दोन चाकांवर बसायचं नाही. तीन चाकांची बॅटरीवाली सायकल चालेल म्हणाल्या. ती महाग आहे. म्हणून बाबांची हिरवी सायकल विकायला काढली, हे तुला माहीतच आहे. जाहिरात बघून तू लगेच फोन केला होतास. "विकू नकोस ग्लेन, बाबांची आठवण आहे. तीनचाकीचे पैसे मी देतो." फोन ठेवल्यावर मी रडले, डॅरिल. नेव्हिलला म्हटलं, असा भाऊ मिळायला नशीब लागतं. पण तुझ्याकडून एवढे पैसे घेणं बरं वाटेना, म्हणून विकायचं ते विकायचंच ठरवलं.

किंमत ठरवायला नेव्हिल आला, तेव्हा आम्ही सायकल स्वयंपाकघरातच घेतली. तो म्हणाला, "आर्थरनं उभ्या जन्मात चाळीसेक फ्रेमा केल्या असतील, त्याही कागद गिरणीतली पाळी संपवून शेडमध्ये. आता लोक त्या शोधत फिरतात. तुझी तर त्यानं पोरीसाठी केलेली. जशीच्या तशी असती तर सहा हजार डॉलर कुठे गेले नव्हते."

"मग आता?"

"आता हे वर केलेलं हँडल, हे रुंद टायर, हे कॅरिअर, वर नवा रंग. तुला वाटतं डॅरिलनं एवढा खर्च केला म्हणजे किंमत वाढली. घेणारा म्हणतो, ही सगळी मोडतोड. त्याला हे काढून जुनं शोधून बसवायचं असतं." मग जरा वेळ डोकं खाजवून तो म्हणाला, "पण फ्रेम आर्थरची आहे ना! साडेतीन हजार सांग, तीनला दे."

मला तुझी बाजू घ्यावीशी वाटली. मी म्हटलं, खांदा मोडल्यावर मला वाकून बसता येत नव्हतं, तेव्हा डॅरिलनं सायकल गाडीत टाकून नेली आणि माझ्या मापाची करून आणली. किंमत कमी झाली तर झाली. त्या सायकलीमुळे मी आठ वर्षं घराबाहेर पडले.

होबार्टहून इमोजेन म्हणून एक बाई आली. जुन्या सायकली जमवते. फोनवरच तीन हजार कबूल केले होते. गेल्या महिन्यात एका शनिवारी मी तिला क्लबच्या शेडवर बोलावलं, कारण मला मिरवायचं होतं. सगळे जमले होते. मी चहाबरोबर खायला स्कोन भाजून नेले होते. बाबांनी माझ्यासाठी ही कशी केली, हे मी हातवारे करून सांगत होते, आणि त्या बाईनं काही न बोलता सायकल उलटी केली. पेडलांच्या खाली, फ्रेमच्या बुडाशी, नाण्यानं रंग खरवडला.

"आर्थर पेंगेली इथे चालवणाऱ्याच्या नावाचं अक्षर ठोकायचे. इथे कारखान्याचा नंबर आहे."

मी म्हटलं, "रंगाखाली दबलं असेल."

"बाई, मी रंग काढलाय. ही फ्रेम त्यांची नाही. कुठल्याही दुकानात मिळायची अशी आहे. दीडशे डॉलरची."

"अहो, माझ्या बापानं केलीय ही!"

"तुमच्या बापानं केलेली मी गेल्या वर्षी अ‍ॅडलेडच्या प्रदर्शनात बघितलीय. हिरवी. बुडाला 'जी'. जुनाच रंग, जुनंच हँडल." मग सगळ्यांच्या देखत म्हणाली, "मेलेल्या बापाच्या नावावर भंगार विकायचं म्हणजे कमाल झाली. चार तास गाडी चालवून आलेय मी."

एकानंही माझी बाजू घेतली नाही. नेव्हिलनंसुद्धा नाही. तो नेव्हिल! ज्या क्लबात मी पंधराव्या वर्षापासून आहे, तिथे मी चोर म्हणून उभी राहिले, आणि माणसं स्कोनच्या ताटाकडे बघत राहिली.

घरी आणून मीही ती उलटी करून बघितली. आठ वर्षांत कधी केली नव्हती. कशाला करू? दर ईस्टरला तू येऊन चेन धुवायचास, तेल घालायचास, आणि मी सीटवर थाप मारून "बाबांची कारागिरी" म्हणायचे. तू मान हलवायचास. मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, अरे जड लागते. तू म्हणालास, रुंद टायर आहेत, कॅरिअर आहे, लागणारच. जोड जाड दिसतात म्हटलं, तर म्हणालास, हा पावडरचा रंग आहे, थर जाड बसतो. डॅरिल, तू जे जे बदल माझ्यासाठी म्हणून केलेस, ते प्रत्येक कशावर तरी पांघरूण घालायला होते.

सोमवारी त्या बाईचा फोन आला. तिचाच आवाज पडला होता. अ‍ॅडलेडला ती सायकल मांडणाऱ्या माणसाला तिनं विचारलं होतं, कुठून आणली म्हणून. वॉरिक टिली त्याचं नाव, तुला आठवत असेल. मग मी स्वतः त्याच्याशी बोलले. भला माणूस आहे. म्हणाला, "आर्थर यांच्या मुलाकडूनच घेतली. ते म्हणाले, बहिणीला आता सायकल चालवता येत नाही, तिनंच विकायला सांगितलीय." आणि मग दबकत विचारलं, "तुम्ही सांगितलं नव्हतं का?"

मी फक्त तारीख विचारली. ज्या आठवड्यात तू त्याला हे सांगितलंस, त्याच आठवड्यात दुसऱ्या सायकलीचं हँडल माझ्या मापानं वर करत होतास. म्हणजे मी चालवणार हे तुला पक्कं ठाऊक होतं. तेव्हा तुझं दुकान बुडत होतं, हे मला जॅनिसकडून कळलेलं आहे. ते कारण मला लिहून पाठवू नकोस.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते.

सायकल तू आणून दिलीस त्याच महिन्यात मी ती बाबांना दाखवायला वृद्धाश्रमात नेली होती. त्यांची नजर तेव्हा पुरती गेली होती. व्हरांड्यात त्यांच्या खुर्चीशी उभी केली, त्यांचा हात धरून हँडलखालच्या जोडावर ठेवला. त्यांनी अंगठा फिरवला. मग खालच्या बाजूनं पुन्हा फिरवला, आणि हात तिथेच राहिला. मला वाटलं, त्यांना भरून आलं.

"डॅरिलनं केलं हे?"

"हो बाबा. सगळं त्यानंच केलं."

हात मागे घेऊन म्हणाले, "तुला नीट चालवता येते ना?"

"झकास."

"मग चालव." आणि चहा मागितला.

त्यानंतर त्या सायकलीचं नाव त्यांनी कधी काढलं नाही. नाताळात तू आलास, तर पाच मिनिटांत दमलो म्हणून खोलीत नेऊन सोडायला लावलं. नर्स म्हणाली, आत्ता तर ठणठणीत होते. तू गेल्यावर मी त्यांना बोल लावले. तो समुद्र ओलांडून येतो आणि तुम्ही त्याच्याशी धड बोलत नाही, म्हातारपणी असा हट्टीपणा बरा नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मरेपर्यंत मी अधूनमधून त्यांना हेच ऐकवत राहिले, आणि तू मला म्हणायचास, "जाऊ दे ग्लेन, त्यांचं डोकं आता चालत नाही."

त्यांचं डोकं चालत होतं. तुला ते माहीत होतं.

त्यांनी मला सांगितलं नाही याचाही मला राग आलाय. पण त्यांच्यावर रागवायला ते नाहीत. तू आहेस.

ही सायकल मी सेलाला दिली. टोंगा बेटांवरची आहे, बेरीच्या मळ्यावर काम करते, रोज पायी जायची. दीडशे डॉलर सांगितले. ती म्हणाली, "नेव्हिलकाका तर सांगत होते, ही तुमच्या वडिलांची आहे." मी म्हटलं, "नाही गं, साधी आहे. ब्रेक चांगले लागतात." ती एक चक्कर मारून आली आणि हसत पैसे मोजले. क्लबातही मी उभं राहून खरं काय ते सांगितलं, तुझं नाव घेऊन. नेव्हिलला रडू आलं. तुला पहिल्या शर्यतीत त्यानंच उतरवलं होतं.

तीनचाकीचे पैसे पाठवू नकोस. ईस्टरला येऊ नकोस. पोलिसांत मी जाणार नाही, आणि टिलींकडून फ्रेम परत मागणार नाही. त्यांनी पैसे मोजलेत. पण त्यांनी बोलावलंय. म्हणाले, भिंतीवरून काढून ठेवतो, हवा तेवढा वेळ बसा. एप्रिलच्या शेवटी मी जाते आहे. बोट हल्ली तुझ्याच गावाला लागते, सकाळी. तू धक्क्यावर येऊ नकोस. मी उतरून सरळ अ‍ॅडलेडची बस पकडणार आहे.

जॅनिसला काय सांगायचं ते तू ठरव. तिनं मला विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही.

खाली 'तुझीच' लिहायला पेन टेकवलं होतं. नाही जमलं.

ग्लेनिस पेंगेली