दुपार शिकवायची राहिली होती

बाई, तुम्ही गेलात त्याला वीसेक वर्षं होत आली, आणि मी आज तुम्हाला लिहायला बसलेय. शनिवारची शाळा सुटलीय, दुसरीचा वर्ग रिकामा आहे, आणि हे लिहिणं चाललंय एका पोरामुळं. बुधवारपासून ते पोरगं शाळेत आलेलं नाही. कारण मला पक्कं ठाऊक आहे, ते कारण म्हणजे मीच. त्याचं सांगतेच, पण आधी तुमच्याशी जुनं बोलायचंय. मला मास्तरकीची नोकरी लागली तेव्हा तुम्ही निरोप धाडला होतात, "पोरांच्या आईबापाशी बोलत जा. फळ्याशी काय, कुणीही बोलतंय." मी तेव्हा हसले होते. शहाणी होते ना मी.

आमच्या गावात मास्तर दारात आला म्हणजे तक्रार घेऊनच आला, असं धरून चालायचे. तुम्ही मग दार सोडून दूध संस्थेचा ओटा धरलात. नांदूरघाटकडून पहिल्या यष्टीनं उतरायचात आणि शाळा भरेपर्यंत तिथं रांगेजवळ उभ्या राहायचात, कारण सकाळी गावातलं एकूण एक घर तिथं येणारच. पहिल्या दिवशी माझा बाप किटली घेऊन रांगेत होता आणि मी त्याचा सदरा धरून. तुम्ही म्हणालात, "तुमच्या लेकीनं काल वर्गात..." एवढं बास झालं. बापाचा मोकळा हात माझ्या पाठीत बसला. "काय केलं हिनं? सांगा, आत्ताच सरळ करतो." तुम्ही हळूच म्हणालात, "काल वर्गात एका पोरीला आपल्यातली अर्धी भाकर दिली, ते सांगत होते." रांग खो खो हसली. बाप किटलीत बघत राहिला. तुम्ही त्याला एक शब्द बोलला नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून कुणाशीही बोलायचं तर सुरुवात ठरलेली, "चांगलं सांगायला आलेय." महिन्याभरात लोकच विचारायला लागले, दुधाला फॅट किती लागलं विचारावं तसं, "बाई, आज आमचं काय चांगलं हाय का?"

मग दोन सालं पाऊस झाला नाही. दूध आटलं, रांग आटली, संस्थेला कुलूप लागलं. साखर कारखान्याला गाळायला ऊसच नव्हता, तेव्हा त्यांनी आवारात जनावरांची छावणी उघडली, आणि निम्मं गाव आपली गुरं घेऊन तिथं राहायला गेलं. आम्हीही गेलो. चार बांबू, वर पाचट, एका बाजूला आम्ही नि दुसऱ्या बाजूला दोन बैल आणि म्हैस. आई पाण्याच्या खेपा घालायची, म्हणून तान्ह्या भावाला मी सांभाळायची. शाळेचा विषय निघाला की बाप म्हणायचा, "शाळा कुठं पळून चालली? पाऊस पडंल तवा जाईल की." आमच्या झोपड्यांच्या ओळीतल्या चार पोरींची शाळा त्या उन्हाळ्यात सुटली ती कायमची. आज त्यांच्या नातवंडांना मी शिकवते.

एका रविवारी संध्याकाळी तुम्ही फुफाट्यातून चालत छावणीत आलात. पायातल्या चपला पांढऱ्या झालेल्या. बाप उठून उभा राहिला. "आता तर ती शाळेत येत बी न्हाई, आता काय केलं तिनं?"

"चांगलं सांगायला आलेय," तुम्ही म्हणालात. "तुमची लेक वाचती. अशी पोरगी घरी ठेवू नये."

"वाचती म्हंजे? फळा वाचंल?"

फळा म्हणजे छावणीच्या दारातला. कारकून संध्याकाळी त्यावर दुसऱ्या दिवशीच्या चाऱ्याचं लिहून घरी जायचा. आमच्या ओळीत कुणालाच वाचता येत नव्हतं, रोज दुसऱ्या ओळीतल्या कुणाची तरी मनधरणी करायची. बापानं मला दंडाला धरून फळ्यापुढं उभं केलं. पाच-सहा माणसं गोळा झाली. तुम्ही माझ्या मागं उभ्या होतात. मला अक्षरं येत होती, पण शब्द जुळवता जुळवता मध्येच दम लागायचा. "उद्या चारा" एवढं वाचलं आणि पुढचा शब्द काही केल्या हलेना. चारा तर रोज सकाळीच यायचा. मी ठोकून दिलं, "सकाळी मिळेल."

बाई, बापाचं तोंड तुम्ही बघितलंत ना? मी तसं तोंड त्याआधी बघितलं नव्हतं. "ऐकलं का रे," तो ओळीभर सांगत सुटला, "माज्या पोरीनं वाचलं." आईनं तुम्हाला बिनदुधाचा चहा दिला. तो पिऊन तुम्ही गेलात.

सोमवारी अख्खी ओळ उजाडायच्या आत दोर घेऊन चाऱ्याच्या रांगेत. नंबर जाईल म्हणून जनावरं हौदावर नेली नाहीत. ऊन चढलं, म्हैस हंबरायला लागली. कारकून आला आणि हसायलाच लागला. "कशापायी उभे राहिलात? दुपारी लिहिलंय की ठळक." सगळी माणसं बापाकडं वळली आणि बाप माझ्याकडं. माझी पाठ आपोआप आक्रसली. तेवढ्यात तुम्ही पुढं आलात. रांगेच्या कडेला तुम्ही कधीच्या येऊन उभ्या होतात. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "तिला काही बोलू नका. चूक माझी हाय. मी सकाळ शिकवली, दुपार शिकवायची राहिली. आता दुपार शिकायला तिला शाळेत यावं लागंल."

कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळी रांग हसली. "मंग शिकवा," बाप म्हणाला. "न्हाईतर आमाला असंच उन्हात ताटकळावं लागंल." आईनं भावाला पाठीशी बांधलं आणि तुम्ही मला तिथूनच हात धरून शाळेत नेलंत.

इतकी वर्षं मी समजत होते की कुणीतरी तुम्हाला कळवलं. परवा, गुरुवारी, वर्गात हजेरी घेता घेता डोक्यात आलं, कोण कळवणार? चूक कारकून आल्यावर कळली, आणि तुम्ही त्याच्या आधीच तिथं होतात. तुम्ही माझ्या मागं उभ्या होतात, बाई. फळा तुम्हीही वाचला होतात. हजेरी अर्ध्यावरच मिटली मी. बापाचं ते तोंड विझू नये म्हणून तुम्ही गप्प बसलात, आणि रात उलटताच ती चूक आपल्या डोक्यावर घ्यायला चालत आलात. मुक्या जनावरांना त्यापायी तहान काढावी लागली, हे मला आजही पटत नाही. समोर असतात तर यावर मी तुमच्याशी भांडलेही असते. पण एवढं मोठं काळीज कुठून आणायचं असतं, हेही विचारलं असतं.

आता माझं. मंगळवारी पालकसभा होती. त्या पोराचा बाप गॅरेजात कामाला आहे, पहिल्यांदाच आला होता, हात घासून घासून धुतलेले तरी काळेच. मी पोराला वाचायला उभं केलं. एक शब्द चुकला. मी म्हणाले, "चूक." पुन्हा चुकला. मग मी बापाला सगळ्यांसमोर म्हणाले, "घरी लक्ष देत नाही का तुम्ही?" तो उठला. "माफ करा मॅडम, आमालाच येत न्हाई," म्हणाला आणि पोराला घेऊन गेला. हल्ली मोबाइलवर पालकांचा ग्रुप असतो. मी त्यावर सूचना टाकली, गैरहजर मुलांच्या पालकांनी कारण कळवावे. ज्याला वाचता येत नाही त्याला मी लिहून विचारलं, बघा म्हणजे.

दोनदा त्या गॅरेजच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले. "चांगलं सांगायला आलेय" म्हणायचं ठरवलं होतं, म्हणून काल रात्री कागद घेऊन त्या पोराचं चांगलं लिहायला बसले. बाई, ते जूनपासून माझ्या वर्गात आहे, आणि माझा कागद कोराच राहिला. त्याच कागदावर हे लिहितेय. हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, खणात ठेवते. उद्या रविवार आहे, गॅरेज उघडं असतं. तुमचं पहिलं वाक्य म्हणायची माझी लायकी नाही अजून. दुसरं म्हणेन, चाऱ्याच्या रांगेत म्हणालात ते.