चार मिनिटं मागे

४ फेब्रुवारी
आलो एकदाचा! खोली झकास आहे, तिसरा मजला, पूर्वेला खिडकी. नोकरी त्याहून झकास. धावल्याबद्दल पगार! कंपनी उपग्रहावरून अंतर मोजणारी मनगटी घड्याळं बनवते. रोज सकाळी कालव्याकाठचा ठरलेला पाच किलोमीटरचा रस्ता मी धावायचा. डाव्या हाताला नवं घड्याळ, उजव्या हाताला जुनं, खात्रीचं. दोन्हींचे आकडे जुळतात का ते पाहायचं. एवढ्यासाठी इथे सात माणसं पोसली आहेत आणि त्यांतल्या एकालाही जिना चढून आल्यावर धड बोलता येत नाही.

विभागप्रमुख बाईंना मी मनातल्या मनात मोजणीबाई म्हणतो. त्यांनी तासभर नियम ऐकवले. सगळ्यांत थोर नियम असा: चालू घड्याळ रिकामं ठेवायचं नाही, आधी नोंद थांबवायची, मगच हातातून काढायचं. का, तर म्हणे ठेवू नये. एवढं शिकून हे दिवे लावले बाईंनी.

६ फेब्रुवारी
दोन मनगटांवर दोन घड्याळं बांधून पळणारं ध्यान म्हणजे मी. आज नव्याचा पट्टा चावत होता, म्हणून ते चालूच खोलीतल्या टेबलावर ठेवलं आणि नुसतं जुनं घालून पळून आलो. नव्याचे आकडे जुन्यावरून ठोकून देऊ, दोन-चार मीटर इकडे-तिकडे. माझ्या आधीच्या माणसाला एवढंही सुचलं नसावं. तो म्हणे एके दिवशी यायचाच बंद झाला.

परत येऊन पाहतो तर टेबलावरच्या घड्याळात पाच किलोमीटर नोंदलेले! नाडीच्या ठोक्यांसकट. नकाशावर माझाच रस्ता, फक्त माझ्या चार मिनिटं मागे. टेबलाला नाडी! असली डबडी बनवतात आणि वर गळ्यात ओळखपत्रं मिरवतात.

८ फेब्रुवारी
नोंद थांबत नाही. बटण दाबून बोट दुखलं. टेबलावर ठेवूनच गेलो. आज तीन मिनिटं मागे. पाण्याच्या टाकीपाशी मी बुटाची लेस बांधायला थांबलो होतो, तिथे तोही थांबलाय. तेवढाच वेळ. तो काय! ते.

मोजणीबाईंना सांगावं तर आकडे ठोकल्याचंही सांगावं लागेल, म्हणजे नोकरी गेलीच. ताईला फोन केला. ती म्हणाली, असं असेल तर बॅग भर आणि सरळ घरी ये. ताई पहिल्यापासून भित्री.

१० फेब्रुवारी
एक मिनिट दहा सेकंद. कालव्यापाशी मागून पावलं ऐकू आली. वळलो. कोणी नाही. मी जीव खाऊन पळालो. घरी येऊन पाहिलं, माझी नाडी एकशे सत्तर, त्याची नव्वद. दमतसुद्धा नाही, मेला.

मला भीती वाटतेय. लिहायला लाज वाटते, पण वाटतेय.

११ फेब्रुवारी, सकाळ
धावायला गेलो नाही. जुनं घड्याळ हातात आहे, दाराला कडी आहे. तरी टेबलावरच्या घड्याळाच्या नकाशात ठिपका निघाला— कालवा— टाकी—

मोजणीबाईंना फोन करून सगळं कबूल केलं. ओरडल्या नाहीत. एवढंच विचारलं, किती मागे आहे. म्हटलं, काल मिनिटभर, आज मी घरात आणि तो इकडेच येतोय. म्हणाल्या, आधीच्यानेही हेच केलं होतं. ते घड्याळ आत्ताच्या आत्ता हातात घाला, दुसऱ्या कुणाचा हात त्यात जायच्या आधी.

घालता येत नाही. पट्टा लावलेला आहे. मी लावला नव्हता. शेवटच्या भोकात, घामाने ओला— आत बोट शिरत नाही— आत काही दिसत नाही तरी—

ठिपका आमच्या जिन्यावर. आता इथेच.

त्याची नाडी नव्वद. तीन मजले चढून नव्वद! माझी एकशे ऐंशी—

एकशे वीस. मी इतका घाबरलोय आणि एकशे वीस? त्याची वाढतेय. माझी जेवढी उतरते तेवढीच— चोर लेकाचा— साठ— हात गार— तीस— बाई, हे काढायचं कसं, हे माझ्या हातातलं, बा