झाकणाखालचं रबर

४ जून

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलताना आपल्या दोघींचे आवाज चढतात आणि मधल्या मधे दादाचं डोकं उठतं, म्हणून बाबांनी काढलेलं फर्मान मला मान्य आहे. कॉम्प्युटरबद्दल जे काही असेल ते पत्रातच. लिहिताना निदान कोणी कोणाचं वाक्य तोडत नाही.

परवा बाबांचा फोन होता. मी सांगायला घेतलं की मला बढती मिळाली, एक्स-रे विभाग आता माझ्याकडे आला. बाबा म्हणाले, ‘हं.’ आणि पुढचा सगळा वेळ तुझं कौतुक! सूनबाईंनी जुन्या कॉम्प्युटरचं कसं सोनं केलं, सूनबाईंचा हात कसा हलका. अगं, कानाची यंत्रं दुरुस्त करणारीचा हात हलका असायचाच, त्यात काय मोठंसं! तो कॉम्प्युटर म्हणजे काय, तर एक जाड कीबोर्ड, टीव्हीला जोडायचा, सगळं यंत्र त्याच्या पोटात. मी शाळेत असताना बाबांनी आणला. त्याचा एकेक स्क्रू मी बाबांच्या हातात दिलाय. चिमटा धरायचं काम माझं, म्हणून घरात माझं नावच चिमटा पडलं. तुला हे दादाने सांगितलं नसेल, म्हणून सांगते.

नेमकं काय काय बदललंस ते कळव. एका शब्दाने मला विचारलं नाहीस, असो.

तिकडच्या कौतुकातून लोभ उरलाच, तर थोडा इकडे धाडावा.

तुझी,
चिमटा

*

११ जून

चि. वन्सं,
अ. उ. आ.

बढतीबद्दल मनापासून अभिनंदन. ‘वन्सं’ म्हटलं की तुझं नाक फुगतं हे ठाऊक आहे, म्हणूनच म्हणते.

काय बदललं विचारतेस, तर ऐक. मेमरी फार तोकडी होती, म्हणून जादा मेमरीची पट्टी मूळ बोर्डावर बसवली. कॅसेटऐवजी आता कार्ड लागतं. आतली धूळ ब्रशने काढली. एक मेलेलं झुरळ निघालं, झाकणाला आतून चिकटवलेला रबराचा एक कळकट तुकडा होता, तोही खरवडून टाकला. आरशासारखं लख्ख झालं सगळं.

पण आता पंचाईत झाली आहे गं. बाबा जेवून संध्याकाळी त्यावर बसतात, नकाशे काढायचे ना पूर्वी, तशाच रेषा काढत. जरा रंगात आले की पडद्यावर नुसते रंगीत चौकोन, आणि सगळं ठप्प. मी टेबलावर झाकण उघडून तपासायला घेते, तर दिवसभर शहाण्या बाळासारखं चालतं. झाकण लावलं की पुन्हा तेच. तुझा दादा म्हणतो, बंद करून ठेवा, म्हणजे घरात शांतता नांदेल.

बाबा एका शब्दाने रागावले नाहीत. ‘राहू द्या, छानच झालंय,’ म्हणाले. तुला काही सुचतं का?

रागातही लोभ धरणारी आहेस, तो तसाच धर.

तुझी,
वहिनी

*

१७ जून

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते काही उगीच नाही हो! इतकी वर्षं बिचारं मुकाट चाललं, आणि लख्ख केल्याबरोबर आजारी पडलं.

विचारलंस म्हणून सांगते. आधी पॉवर सप्लाय तपास. जादा मेमरीला वीज कमी पडत असेल. तो ठीक निघाला तर मेमरीच्या पट्टीचे सोल्डरचे डाग पुन्हा दे, एकही सोडू नकोस. तेही करून झालं तर टीव्हीची वायर बदलून बघ. घाई करू नकोस. अशा कामाला सावकाशीच लागते.

बाबांना विचार, मी असते तर काय म्हणाले असते. नको, राहू दे. विचारू नकोस.

इथे सगळे बरे आहेत. नवीन खोलीत उजेड चांगला आहे आणि माझ्या हाताखालचे दोघे मला बाई म्हणतात. घरी बाकी मी कोण लागते ते हल्ली कळेनासं झालंय.

लोभ माझाही आहे, जरा रुसून बसलाय इतकंच.

चिमटा

*

२६ जून

चि. वन्सं,
अ. उ. आ.

तू सांगितलंस ते सगळं केलं. पॉवर सप्लाय बदलला. डाग एकूण एक पुन्हा दिले, बोटाला चटका बसला. वायर नवी आणली. दर वेळी बाबांना सांगत गेले की ही युक्ती तुमच्या लेकीची बरं का. ते नुसते हसायचे. चौकोन काही गेले नाहीत.

शेवटी ठरवलंय, मूळ बोर्डच बदलायचा. हौशी लोक हल्ली नवा बनवून देतात. येत्या आठवड्यात येईल, मग जुना भंगारात. बाबांना विचारलं, तर म्हणाले, ‘तुम्हाला योग्य वाटेल ते करा.’

फोनवर बोलले असते तर हे तोंडातून निघालं नसतं, म्हणून लिहिते. तुला वाटतं बाबा माझं कौतुक करतात. अगं, कौतुकच करतात! लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण मला अजून ‘तुम्ही’ म्हणतात. भाजी खारट झाली तरी छान. त्यांचं लाडकं यंत्र मी बिघडवलं तरी छान. तुझा फोन आला की कसे कडाडतात! जेवलीस का नाही, खोली बदललीस तर कळवायला काय झालं होतं, गाढव आहेस नुसती. आणि फोन ठेवला की दिवसभर खूश. मी स्वयंपाकघरातून ऐकते आणि मला तुझा हेवा वाटतो. असला तसला नाही, चांगला सणसणीत. पाहुण्यांना कोणी रागावत नाही गं. मी या घरात पाहुणीच राहिले.

वाचून हसलीस तरी चालेल. लोभ मात्र हसण्यावारी नेऊ नकोस.

वहिनी

*

१ जुलै

वहिनी,

नमस्कार वगैरे मनातल्या मनात समज. बोर्ड फेकू नकोस. फेकला असशील तर भंगारवाल्याच्या मागे धाव.

दोष त्या रबरात आहे. लहानपणी बाबा घरी नसताना मी बोर्डावरची मोठी चिप चिमट्याने उपटून काढली होती, आत काय असतं बघायला. ती जिथे बसते ते सॉकेट तेव्हापासून ढिलं झालं. बाबा आले आणि असे ओरडले, ‘गाढवे, काय करून ठेवलंस!’ मी रडत बसले. मग त्यांनी माझंच खोडरबर कापलं आणि झाकणाला आतून चिकटवलं. झाकण लावलं की रबर चिपला दाबून धरतं. तू रबर काढलंस. उघडं असताना यंत्र गार राहतं म्हणून चालतं. झाकण लावलं, ते तापलं, की चिप सैल होऊन संपर्क तुटतो.

तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच मला हे कळलं होतं. कळूनही तुला पॉवर सप्लायच्या मागे लावलं. माझं पोट दुखत होतं, वहिनी. वाटलं, बसू दे हिला डोकं आपटत, मग बाबा म्हणतील, चिमट्याला बोलवा. ते काही म्हणाले नाहीत. बोट बरं आहे का?

लोभ मागायला तोंड उरलं नाही.

चिमटा

*

८ जुलै

चि. वन्सं,
अ. उ. आ.

बोट बरं आहे, जुना बोर्डही जागेवरच आहे. तुला चार शिव्या घातल्या, त्या तुझ्या दादाने ऐकल्या, तेव्हा फिटंफाट झाली.

आता खरी बातमी. तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं, पोटदुखीचं कलम गाळून. रबराचं ऐकताच ताडकन उठले. म्हणाले, मेमरीच्या नादात माझ्या डोक्यातून ते साफ गेलं होतं. मग माझ्याकडे वळून असे कडाडले की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. ‘गाढवे! ते रबर कशाला काढलंस? विचारायचं नाही का आधी?’ मी उभीच राहिले. काढलंस म्हणाले, वन्सं! मग नकाशाच्या पेटीतलं स्वतःचं खोडरबर काढून कापायला बसले. ब्लेड पुढे केलं, तर पुन्हा ओरडले की पात्याकडून काय देतेस, मुठीकडून दे.

झाकण लावलं. रात्रीपर्यंत रेषा काढत होते, एक चौकोन नाही. मी आत जाऊन थोडी रडले, आनंदाने.

लोभ माझ्याकडे आता भरपूर आहे, हवा तेवढा घे.

तुझी,
वहिनी गाढव

*

१५ जुलै

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

सहीत ‘गाढव’ लिहिलंस ते वाचून जीव जळला. ती पदवी या घरात माझ्या एकटीची होती. पण घे, कमावली आहेस.

काल बाबांचा फोन आला. दोष बरोबर ओळखलास, पत्र छान लिहिलंस, म्हणाले. बढतीबद्दल विचारलं. जेवलीस का, हे विचारलं नाही. मी मुद्दाम सांगितलं की आज जेवायला वेळच झाला नाही. तर म्हणाले, ‘असू दे, कामाचा व्याप असतो.’ आवाजसुद्धा चढला नाही गं.

वहिनी, मी पाहुणी झाले का?

शनिवारी येते. झाकण उघडून ठेव आणि चिमटा कुठे आहे तेवढं सांग. काहीतरी उपटल्याशिवाय मी परत जायची नाही.

लोभ तुझ्याकडे राहू दे, बाबांचा राग तेवढा माझ्यासाठी शिल्लक ठेव.

तुझी,
चिमटा