तुझा चाळीस, माझा पाच

प्रिय राखीताई,

आज कॉलेजात माझी प्रोफेसरपदाची मुलाखत झाली. समितीत औषधशास्त्राचे एक सर होते. माझा एच-इंडेक्स, म्हणजे माझं संशोधन इतरांनी किती वापरलं याचा आकडा, बघून ते म्हणाले, "पाचच? आमच्याकडे पीएचडीच्या पोरांचाही याहून जास्त असतो."

मला तूच आठवलीस. तू कॅन्सरवर काम करतेस, तुझा चाळीस आहे.

तेवढ्यात गणिताच्या तज्ज्ञ बाई बोलल्या, "यांची तुलना गणितवाल्यांशी करा. आमच्यात लिहिणारेच थोडे, आणि एकेका सिद्धतेत वर्षं जातात. त्या हिशोबाने या बऱ्याच वर आहेत."

सर हसले. "मग माझा प्रश्नच चुकला," म्हणाले. माझी निवड झाली, ताई!

चिचगडला आईला फोन लावला, तर मला रडूच कोसळलं. ती म्हणाली, "चांगलं झालं ना? मंग काऊन रडून राहिली?"

तिला काय सांगू? तू कधीच तुलना केली नाहीस. मीच तुझा आकडा बघत राहिले आणि तुझे फोन टाळत गेले. दिवाळीत तू गावी आलीस, तेव्हा पेपर तपासायचं निमित्त काढून मी गोंदियातच थांबले. आज जीव हलका झाला.

हे पत्र टाकत नाही. रविवारी नागपूरला तुझ्याकडेच येते. एवढं सगळं तोंडाने बोलता येणार नाही, पण या वेळी निमित्त न काढता राहायला येते.

तुझीच,
आचल