दोन फोन आणि बाबांचा आवाज

रविवार, १४ तारीख

प्रिय ताई,

नमस्कार. पार्सल नीट पोचलं, खोका कुठेही दबलेला नव्हता. बाबांची तब्येत बरी आहे. गळ्याची जखम कोरडी आहे. मीही ठीक आहे.

तू विचारलंस, तू पाठवलेला नवा फोन अजून चालू का केला नाही. फोन उत्तमच आहे, पण बंदिस्त जातीचा आहे. कंपनीच्या दुकानात जे ॲप असेल तेवढंच त्यात चालतं. बाबांचं बोलायचं ॲप त्या दुकानात नाही. गळ्याच्या ऑपरेशनमध्ये आवाज जाणार, म्हणून त्याआधीच इस्पितळातल्या बाईंनी ते जुन्या फोनमध्ये स्वतः भरून दिलं होतं आणि बाबांच्याच आवाजातली वाक्यं त्यात साठवून घेतली होती. जुना फोन मोकळा आहे, बाहेरून काहीही घेतो. पण त्याची बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलंय. तो फार दिवसांचा नाही.

फोनवाला म्हणाला, "मोकळा घेतलास तर चोरही आत शिरेल. ताईचा ठेवलास तर तूसुद्धा शिरू शकणार नाहीस. बोल, कुणाची भीती जास्त?" मी हसलो नाही, मग तोच हसला. त्याच्याकडून मोकळ्या जातीचा एक नवा फोन तीन दिवसांच्या बोलीवर आणला. त्यात ॲप भरलं, एकेक वाक्य वाजवून तपासलं आणि दोन्ही फोन बाबांसमोर ठेवले. हा घेतला तर तुमचा आवाज राहील, तो घेतला तर टाइप केलेलं यंत्रातल्या बाईच्या आवाजात येईल, हे खुणांनी आणि थोडं कागदावर लिहून सांगितलं.

बाबांनी तुझा उचलला.

तुझ्या भेटीचा मान ठेवला, असं तुला वाटेल. तसं नाही. त्या वाक्यांबद्दल मी तुला कधी नीट सांगितलेलं नाही. बाबांना वाटलं होतं, आधी आपणच जाऊ. त्यामुळे जवळजवळ सगळी वाक्यं आईशी बोलायची आहेत. "अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास?" "पंखा जरा कमी कर." "किती काम करशील, बस इथे." आईला जाऊन आठवडा झाला असेल, सवयीने त्यांनी चष्म्याचं बटण दाबलं. आम्ही दोघांनीही स्वयंपाकघराकडे पाहिलं. त्यानंतर त्यांनी तो फोन हातात घेतला नाही.

एक वाक्य तुझ्यासाठी आहे, "पोचलीस की कळव."

माझ्यासाठी नाही. तेव्हा माईक मीच धरला होता. बाईंनी विचारलं, "मुलासाठी काही?" बाबा म्हणाले, "तो काय, घरातच असतो." सगळे हसले, मीही हसलो. मला त्याचं काही वाटत नाही. तरी परवा वाक्यं तपासताना मी पुन्हा शोधून पाहिलं.

काल संध्याकाळी त्यांनी तुझ्या फोनवर पहिल्यांदा टाइप केलं. बराच वेळ लागला. मग फोनमधली ती बाई बातम्या दिल्यासारखी म्हणाली, "मला ऐकू येतं. गळा गेलाय, कान नाही. तू बोलत जा."

आई गेल्यापासून मी त्यांच्याशी खुणांनीच बोलत होतो, ताई. जेवायला बोलवायचं तरी हात तोंडाशी न्यायचो. हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. काल काय बोलावं ते सुचेना. शेवटी छापखान्यात दिवसभर छापलेल्या पाट्या म्हणून दाखवल्या. "येथे वाहने लावू नयेत." "पावती जपून ठेवावी." "चौकशी दुसऱ्या मजल्यावर."

बाबांनी पुन्हा टाइप केलं. बाई म्हणाली, "पुढे?"

पुढे पाटी नव्हती.

मोकळा फोन उद्या परत करतो. बाबांची वाक्यं एका कार्डावर उतरवून कपाटात ठेवली आहेत. तुझं वाक्य तुला हवं असेल तर पाठवीन.

आजही बोलायला दुसरं काही सुचलेलं नाही. म्हणून जेवण झाल्यावर हे पत्रच त्यांना मोठ्याने वाचून दाखवणार आहे आणि मगच पाकीट चिकटवणार. मधलं काही गाळणार नाही.

तुझा,
बारकू