ऐकूनही चालू ठेवलेली मोटार

आप्पा,

मी तिकडं नेमकं काय काम करतो, हे तुम्ही मला कधी विचारलं नाही आणि मीही कधी नीट सांगितलं नाही. गावात कुणी विचारलं तर तुम्ही म्हणायचात, "तेलाच्या विहिरीवर हाय." ते चूक नव्हतं. तुम्ही जन्मभर ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्याची मोटार सांभाळलीत, आणि तुमचा मुलगा समुद्रापलीकडच्या वाळवंटात जवळपास तेच करतो. फक्त तिथली विहीर वीतभर रुंद आणि दीड-दोन किलोमीटर खोल. आमचं तेलाचं फील्ड म्हातारं झालंय. नवं होतं तेव्हा जमिनीतल्या दाबानं तेल आपलं आपण वर यायचं म्हणे. आता तो दाब सरला, म्हणून ते उपसावं लागतं. उपसून वर येतं त्यातही तेलापेक्षा पाणीच जास्त. हे ऐकून तुम्ही हसला असतात. इतक्या लांब जाऊन पोरगं पाणीच उपसतंय म्हणाला असतात.

जुन्या विहिरींवर लोखंडी घोडे आहेत. दिवसभर मान खालीवर करतात आणि त्या मानेला बांधलेल्या सळया खोल तळातला पंप ओढतात. काही ठिकाणी आम्ही वरून गॅस खाली सोडतो. तो तेलात मिसळला की तेल हलकं होतं आणि उरलासुरला दाबही त्याला वर ढकलू शकतो. आणि जिथं जास्त माल, म्हणजे तेल-पाणी, हवा असतो, तिथं बुडती मोटार सोडतो, आपल्या गावच्या विहिरीत होती तशीच, पण चांगली दोन बैलगाड्या एकामागं एक उभ्या केल्या तर भरेल एवढी लांब. कुठल्या विहिरीला काय बसवायचं आणि ते किती वेगानं चालवायचं, हे ठरवणं माझं काम. माझ्या खोलीत पडदे आहेत, त्यावर आकडे येतात. विहिरीजवळ मी आठवड्यातून एखाद्या वेळी जातो.

विहिरीजवळ रोज जायचे ते वैजापूरचे चाचा. आपल्याच जिल्ह्याचे, साठीला टेकलेले, माझ्या आधी कितीतरी वर्षं त्या फील्डवर आलेले. गाडी घेऊन सकाळी निघायचे आणि एकेका विहिरीपाशी उतरून तेलाच्या पाइपावर तळवा ठेवून उभे राहायचे. पहिल्यांदा मी विचारलं, "चाचा, काय करताय?" म्हणाले, "नाडी बघतो, साब. तुमी काचेत बघता, आमी हातानं." घोड्याखालचा पंप अर्धाच भरत असला की दट्टा तेलावर आदळतो, सगळा घोडा शहारतो. पडद्यावर ते दिसायच्या आधी चाचांचा फोन यायचा. "सात नंबरवाली बावडी थकेली है. जरा सुस्ताने दो उसको." मी त्या विहिरीचा वेग कमी करायचो आणि मनात तुमची आठवण यायची. ती मी झटकायचो, कारण तुमची आठवण आली की मारुतीच्या देवळासमोरचा पारही आठवतो.

त्या दिवशी तुम्ही फुलंब्रीला तालुक्याच्या कचेरीत गेला होतात. मी डिप्लोमा होऊन घरी बसलेलो, एकवीस वर्षांचा. जाताना तुम्ही सांगितलं, "तासभर चालव. मग तीन तास हात लावायचा नाय. विहीर भरू दे." गावात लग्न होतं. मंडपवाले आले, म्हणाले, अजून दोन टाक्या भरून दे, तू तर शिकलेला, तुला काय अवघड. मला ते बरं वाटलं. तास उलटला, दुसरा उलटला. आणि मग पाइप खाकरायला लागला. मी आजही तो आवाज काढून दाखवू शकतो: पाण्याचा भरीव आवाज तुटतो, मध्ये हवेची पोकळ उचकी येते, पुन्हा पाणी, पुन्हा हवा. मला कळलं होतं. मी म्हटलं, दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत मोटार जळाली.

संध्याकाळी पारावर गाव जमलं. सगळ्यांना वाटलं होतं, वीज कमीजास्त झाली असेल. तुम्ही तेवढं म्हणाला असतात तरी भागलं असतं. तुम्ही माझ्याकडं बघून म्हणालात, "ऊठ. सांग." कुणीतरी मागून बोललं, "जाऊ द्या की आप्पा, पोरगं हाय." तुम्ही म्हणालात, "पोरगं नाय. डिप्लोमा झालाय त्याचा." लोक हसले. मी सांगितलं, मी चालू ठेवली. तुम्ही तेवढ्यावर थांबला नाहीत. "आवाज आयकला व्हता का?" "व्हय." "आयकून चालू ठेवली?" मी मान हलवली. "तोंडानं बोल." "व्हय," म्हणालो. जळालेल्या मोटारीची तार नव्यानं भरून ती शहरातून परत येईपर्यंत मी शेतातल्या विहिरीवरून सायकलला हंडे बांधून म्हाताऱ्या माणसांच्या घरी पाणी घालत होतो, आणि बायका दारातून म्हणत होत्या, "या इंजिनेर, इकडं बी दोन हंडे ओता." त्यांची ती चेष्टा होती, त्यात विष नव्हतं. पण मी तुमच्याशी कितीतरी महिने बोललो नाही. नोकरी धरून शहरात गेलो, मग वाळवंटात गेलो, आणि तुम्ही गेलात तेव्हा दहाव्याला पोचलो. कावळा शिवला. लोक म्हणाले, आप्पा समाधानानं गेले. मला ते खरं वाटलं नाही, कारण माझ्या मनातला राग गेलेला नव्हता.

आता जे झालं ते सांगतो. गेल्या वर्षी मी एका विहिरीवरचा घोडा काढून बुडती मोटार बसवली. ती त्या विहिरीला मोठी होती. तेव्हा मान्य केलं नाही, आज करतो. जमीन जेवढं तेल विहिरीत सोडत होती, त्याहून जास्त मोटार ओढायची. मग तळात माल उरायचा नाही, मोटार हलकी पडायची, करंट उतरायचा, आणि ठरलेल्या मर्यादेच्या खाली गेला की विहिरीवरचं पॅनल तिला बंद करायचं. तसं करायलाच ते पॅनल असतं. मोटारीला थंड ठेवतो तो भोवतीनं वाहणारा मालच. तो नसला की ती स्वतःच्या उष्णतेनं भाजते. दिवसातून तीन-चारदा विहीर बंद पडू लागली. वरचे साहेब रोज बैठकीत तोच आकडा विचारत होते, आणि मोटार मी निवडली होती. एके दुपारी मी चाचांना मोबाइलवर म्हणालो, "ती मर्यादा खाली घ्या. अगदी खाली." ते म्हणाले, "साब, बावडी दम मांग रही है. मी पाइपाला हात लावून उभा हाय. नक्को करू." मी म्हणालो, "चाचा, मी सांगतोय ना. करा." त्यांनी केलं. विहीर पाच दिवस न थांबता चालली, बैठकीत माझं कौतुक झालं, आणि सहाव्या दिवशी मोटार जळाली.

पॅनलमध्ये मर्यादा बदलल्याची नोंद होती, ती चाचांच्या कामगार क्रमांकाची. माझा फोन कुठंच नोंदलेला नव्हता. चौकशीला बसलेल्यांनी त्यांना विचारलं, कुणी सांगितलं होतं? ते म्हणाले, "मेरे हाथ से हुआ." मला लेखी विचारलं. मी लिहिलं, 'अशी सूचना दिल्याचे मला आठवत नाही.' आप्पा, नाही म्हणालो असतो तर ते खोटं ठरलं असतं. म्हणून मी आठवत नाही असं लिहिलं. ते वाक्य जुळवायला मला बराच वेळ लागला होता. चाचांना घरी पाठवलं. त्यांच्या शेवटच्या कागदावर 'निष्काळजीपणा' असा शब्द आहे.

मी सध्या रजेवर इथं संभाजीनगरला, घरी आहे. रविवारी वैजापूरला जायला निघालो. सरळ रस्त्यानं न जाता वेरूळवरून गेलो. तिथं महादेवाच्या गाभाऱ्यात जायचं तर पुरुषांना अंगातला सदरा काढावा लागतो. उघड्या अंगानं रांगेत उभा राहिलो, पिंडीवर हात ठेवला आणि काय मागावं ते सुचेना. क्षमा मागावी म्हटलं, तर ज्यांची मागायची ते तासाभराच्या वाटेवर बसलेले. देवाकडं मागणं म्हणजे त्यांना वळसा घालण्यासारखं वाटलं. नमस्कार केला आणि कसाबखेड्याच्या फाट्यावरून पुढं निघालो.

चाचा ओसरीत बसले होते. मला बघून उठले, "आओ इंजिनेर साब, आमच्या गरिबाच्या घरात पण बघा जरा, इथं काच नाय," असं म्हणून हसले. सगळ्यात आधी विचारलं काय, तर त्या विहिरीचं. मी सांगितलं, मोटार काढली, पुन्हा घोडा बसवला, आता संथ चालते. "देखो," ते म्हणाले, "म्हाताऱ्या बाईला पळवायचं नसतं. चालवायचं असतं." मग त्यांनी एक प्लास्टिकची फाइल आणून दाखवली. इतक्या वर्षांची प्रशस्तिपत्रं, एकेका पानात सरळ लावलेली. शेवटच्या पानातला कागद मात्र त्यांनी पालथा घातला होता, कोरी बाजू वर करून. चाची आत चहा टाकत होत्या. मी हळू आवाजात म्हणालो, "चाचा, तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?" ते म्हणाले, "घेतलं असतं तर काय, दोघं बी घरी बसलो असतो. तिथल्या बावड्या वळखणारं आपल्याकडचं एक तरी माणूस राहू द्या." मग फाइल मिटत म्हणाले, "पण साब, तुमी वळखत नाय अजून. शिकून घ्या."

परतताना सगळा रस्ता मी एकाच गोष्टीचा विचार करत होतो. तुम्ही मला गावासमोर उभं केलंत, आणि मी वर्षानुवर्षं तुमच्यावर रागावलो. चाचांनी मला झाकलं, आणि मला त्यांच्याविषयी प्रेम वाटलं. पण पारावरून घरी गेलो त्या दिवशी मी जेवलो होतो आणि झोपलोही होतो, हे मला नीट आठवतं. लाज होती, राग होता, पण आत काही अडकलेलं नव्हतं. आता घरात सगळं ठीक आहे, बायकोला वाटतं रजेचा कंटाळा आलाय, आणि सकाळी देवापुढं बसलो की हात जोडलेले तसेच राहतात, तोंडून स्तोत्र पुढं सरकत नाही. त्या दिवशी तुम्ही माझ्याकडून जे बोलवून घेतलंत, ते आता बोलवून घ्यायला कुणी नाही. मी आता साहेब आहे. मला 'ऊठ, सांग' कुणी म्हणत नाही.

चौकशीच्या कचेरीतून मेल आलंय. गुरुवारी ते प्रकरण बंद करणार आहेत. कुणाला आपल्या जबाबात काही भर घालायची असेल तर त्याआधी कळवावं, असं लिहिलंय. आज मंगळवार. कळवलं तर माझं काय होईल ते मला ठाऊक आहे. न कळवलं तर चाचांचं काय होईल तेही ठाऊक आहे: काही होणार नाही, तो कागद पालथाच राहील.

एक गोष्ट मी वर लिहिताना गाळली. चहा घेऊन चाची बाहेर आल्या, बसल्या, आणि मलाच म्हणाल्या, "भाई, तुम उधरके हो, तुमकू मालूम होगा. इन्हो नाम बताते नईं. किसी साहब ने फोन पे बोला, तब किया इन्होने. ऐसे लोगां कू खाना कैसा उतरता होगा?" चाचा खाली बघत राहिले. माझ्या हातात कप होता. आणि मी म्हणालो, "असतात चाची, तिकडं असतात असे लोक."

चाचांनी बिस्किटांची बशी माझ्याकडं सरकवली. मी एक उचललं आणि खाल्लं.

हे सगळं तुम्हाला लिहिलं, आप्पा, कारण तुम्हाला लिहिण्यात धोका नाही. मेलमध्ये मी अजून एक ओळही लिहिलेली नाही.